एका पिकअपचा जीर्णोद्धार

क्लचच्या पेडलवरचे रबर एकाच कोपऱ्याने झिजले होते. उजवीकडचा खालचा कोपरा इतका घासला गेला होता की आतले लोखंड उघडे पडून त्यावर जुन्या देवळाच्या उंबरठ्यावर चढते तसली काळसर झिलई चढली होती. आणि डावीकडे मात्र रबरावरच्या आडव्या खाचा, कारखान्यातून गाडी बाहेर पडली त्या दिवसासारख्या, शाबूत होत्या. गाडी खरेदी करताना ही गोष्ट माझ्या दृष्टीस पडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, होळकर पूल ओलांडून रविवार कारंजाकडे चढत असता, माझा डावा पाय त्या पेडलवरून सटकला, गाडीने एक गचका खाल्ला आणि पाठीमागच्या रिक्षावाल्यांना माझ्या पूर्वजांचे स्मरण करण्याची संधी देऊन ती रस्त्याच्या मधोमध बंद पडली, तेव्हा कुठे मी खाली वाकून पाहिले.

माझे आयुष्य दफ्तरात गेले. महसूल खात्याच्या अभिलेखकक्षात चौतीस वर्षे मी रुमाल सोडले आणि रुमाल बांधले. कडईपत्रके, फेरफाराच्या नोंदी, इनामांच्या कैफियती, कुणाच्या तरी आजोबांनी दिलेली जबानी, तिच्याखाली उमटलेला अंगठा, असल्या जिनसांच्या सहवासात इतका काळ काढल्यावर माणसाची अशी समजूत होऊन बसते की वस्तू म्हणजे तिचा कागद, आणि कागद स्वच्छ असेल तर वस्तूही स्वच्छच असणार. त्यामुळे निफाड तालुक्यातल्या एका वस्तीवर ही २०१० सालची पिकअप पाहावयास गेलो तेव्हा प्रत्यक्ष गाडीभोवती मी फार तर दोन प्रदक्षिणा घातल्या असतील. उरलेला तासभर ओटीवर बसून आर. सी. बुक, विम्याचा कागद, कर भरल्याच्या पावत्या, इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, हे सर्व मी एकेका अक्षरावर बोट ठेवून ताडून पाहत होतो. एका पतसंस्थेचा बोजा कर्ज फिटूनही कागदावरून उतरलेला नव्हता, तेवढी एक उणीव मी काढली आणि ती काढल्याचे समाधानही मानून घेतले. त्या तासाभरात गाडीचा मालक तीन वेळा उठून आत गेला. एकदा पाणी घेऊन आला, एकदा चहा आणि एकदा हरवलेली पावती. अंगणापलीकडे तोडलेल्या द्राक्षबागेचे अँगल एकावर एक रचून ठेवले होते. गाडी का विकता, हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. सव्वादोन लाखांस व्यवहार ठरला.

नाशिक जिल्ह्यात पिकअप हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि त्याला विशेषण लागत नाही. ‘पिकअप आली’ एवढे म्हटले की बांधावर उभ्या असलेल्या सर्वांना पुढचे सगळे समजते. टोमॅटोचे क्रेट, कांदा, द्राक्षाच्या पेट्या, भाताची रोपे, शेणखत, वऱ्हाडी मंडळी, गणपती, वणीच्या गडाला निघालेले नवसकरी आणि वेळप्रसंगी दवाखान्यात न्यावयाचा आजारी मनुष्य, एवढ्यांना तिच्या हौद्यात आळीपाळीने स्थान असते. पूर्वी बैलगाडीस जे पद होते त्या पदावर ही कधी आरूढ झाली ते कुणाच्या ध्यानातही आले नाही. राज्यकर्ते बदलले तरी गावचा कोतवाल तोच राहतो तसे काहीसे.

हिच्या कुळाची हकीगत मी सवडीने जुळवली. सवय जात नाही. हिचे मूळ युद्धातले. अमेरिकेत १९४१ पासून विलीज कंपनीने सैन्याकरिता ज्या जीपगाड्या घडवल्या, त्याच गाड्या स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जोडावयास ज्या कंपनीने आरंभ केला, तिची स्थापना १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने झाली होती. त्यातले भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीच्या नावात महिंद्रा हे आडनाव दुसऱ्यांदा आले. एवढ्या मोठ्या देशाच्या वाटणीचा फेरफार एका पाटीवरच्या एका शब्दात नोंदला गेलेला पाहून माझ्यासारख्या दफ्तरी माणसास जो आनंद होतो तो इतरांस कळणे कठीण आहे. पुढे इगतपुरीस इंजिनांचा कारखाना आला, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचा आला, आणि २००० साली निघालेली बोलेरो याच सातपुरात घडू लागली. पिकअप ही त्या बोलेरोची शेतकऱ्याकडे दिलेली बहीण. तेव्हा माझी गाडी निफाडहून नाशकात आली ती परगावी आली असे म्हणता यावयाचे नाही. माहेरी आली, आणि माहेरी आलेल्या मुलीप्रमाणे पहिल्या आठवड्यातच आजारी पडली.

आडगाव नाक्याच्या आतल्या बाजूस एक गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक कडुनिंब आणि तेल पिऊन काळी व नरम झालेली जमीन. तिथल्या मिस्त्रींचे वय साठीच्या पुढचे, हाताखाली आय. टी. आय.मधून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा केलेला एक मुलगा. मी खिशातून कागद काढला. त्यावर ‘सुधारणा’ असा मथळा देऊन मी अकरा कलमे लिहिली होती: नवा रंग, नवी सीटकव्हरे, गाण्याची पेटी, दोन आवाजांचा हॉर्न, चाकांना चकचकीत टोप्या, हौद्यावर ताडपत्रीसाठी कमानी, आणि याच वळणाची आणखी काही. मिस्त्रींनी कागद दूर धरून वाचला, घडी घालून सन्मानपूर्वक मला परत केला आणि ते गाडीत चढून बसले. चावी लावली नाही. नुसतेच ब्रेकवर पाय देऊन पाहिला, स्टेअरिंग दोन बोटे इकडे-तिकडे हलवले, मग खाली पेडलकडे पाहिले आणि म्हणाले,

“नाना, आधीचा मालक डाव्या पायानं अधू होता का?”

मला सांगता येईना. तासभर ज्याच्या ओटीवर बसलो, ज्याच्या हातचा चहा प्यालो, ज्याचे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मला पाठ होते, तो मनुष्य चालतो कसा हे मी पाहिले नव्हते.

“असंल नाहीतर नसंल,” मिस्त्री म्हणाले. “पण पाय वाकडा येतोय त्याचा. बाहेरून येतोय. हिची क्लचप्लेट जळालीय ती त्याच्यामुळंच. पाय पुरा दबत नाही, प्लेट अर्धीच सुटते.” आणि माझ्या यादीसंबंधी त्यांनी एवढेच मत दिले, “आधी हिला थांबायला शिकवू. पळायचं मग बघू.”

ब्रेकचे काम पाहण्यासारखे नसते, म्हणून त्याविषयी थोडक्यात सांगतो. मागचे ड्रम उघडले तेव्हा आतून मूठ-मूठ काळी भुकटी निघाली. लायनर संपून रिव्हेट ड्रमला घासत होते आणि त्यांनी ड्रमच्या आत, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, रेघा पाडल्या होत्या. ड्रम लेथवर गेले, लायनर नवे बसले, एका चाकाचा सिलिंडर गळत होता तो बदलला. चार दिवस आणि माझ्या अंदाजाच्या दुप्पट खर्च. वरून पाहणाऱ्यास गाडी होती तशीच दिसत होती. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक रोज संध्याकाळी येऊन विचारीत, “काय, काही केले का हिला?” आणि केले आहे हे दाखवण्यासाठी माझ्यापाशी काहीच नसे.

क्लचप्लेट बदलली तेव्हा पेडलवरचे रबरही नवे घातले. त्याची किंमत इतकी क्षुल्लक होती की मिस्त्रींनी ती बिलात धरलीच नाही.

इंजिनाचे काम मात्र मी तासन्‌तास उभा राहून पाहिले. चार सिलिंडरांचे, २५२३ घनसेंटिमीटरांचे ते डिझेल इंजिन सकाळच्या गारठ्यात सुरू व्हावयास खळखळ करी, सुरू झाले तरी अडखळे, आणि मध्येच श्वास कोंडल्यासारखे बंद पडे. मिस्त्रींनी निदान केले, “हवा धरतीय.” टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत कुठेतरी केसाएवढी भेग होती, तेल तिच्यातून बाहेर येत नसे, पण हवा आत शिरे. नळी बदलून झाल्यावर त्या मुलाने फिल्टरवरचा छोटा नट बारा नंबरच्या पान्याने अर्धा आटा सैल केला आणि वरचा हातपंप अंगठ्याने दाबावयास सुरुवात केली. नटाच्या कडेने प्रथम नुसता फेस आला, साबणाच्या पाण्यासारखा पांढुरका. मग मोठे बुडबुडे, एकेक फुटणारे. मग तेलात मिसळलेले बारीक बुडबुडे. आणि मग, बऱ्याच वेळाने, अखंड, नितळ, किंचित पिवळसर धार. धार अखंड झाल्याची खात्री पटेपर्यंत तो दाबत राहिला आणि मगच त्याने नट आवळला. या साऱ्या प्रकारास ‘हवा काढणे’ म्हणतात. एरवी कुणाची हवा काढली म्हणजे आपल्याकडे तो मनुष्य बंद पडतो. इथे ती काढल्यावर गाडी सुरू झाली.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, ही गोष्ट मला साठाव्या वर्षानंतर कळली. नुसती हवा इतकी दाबावयाची की ती त्या दाबानेच भयंकर तापावी आणि तिच्यात तेलाचा फवारा शिरताक्षणी त्याने पेट घ्यावा. बाहेरून काडी लावणारा कुणी नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यास १८९३ साली याचे पेटंट मिळाले. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, हे वाचून मला आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्याकडे काही दिवस निराळ्या आदराने पाहावेसे वाटले. १९१३ च्या सप्टेंबरात हाच डिझेल बोटीने इंग्लंडला निघाला असता रात्री केबिनमधून नाहीसा झाला. पुढे त्याचे प्रेत समुद्रात सापडले. अपघात, आत्मघात की आणखी काही, याचा निवाडा झाला नाही. मिस्त्रींना मी ही कथा सांगितली. त्यांनी हात पुसत विचारले, “कर्ज होतं का त्याच्यावर?” होते, पुष्कळ होते. कागदपत्रांत शोधून मला जे सापडले ते या माणसाने पान्याला लागलेले तेल पुसता पुसता ओळखले.

आता पाट्यांकडे येतो, कारण माझे मन खरे गुंतले ते पाट्यांत. मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंस पोलादी पाट्यांची जुडी असते. सर्वांत वर लांब पाटा, त्याखाली त्याहून आखूड, त्याखाली आणखी आखूड, आणि सगळ्यांच्या मध्यातून आरपार एक बोल्ट. ही रचना मोटारीची नव्हे, घोडागाडीची. नाशिक रोडचे स्टेशन गावापासून दूर, त्यामुळे आमच्या लहानपणी स्टेशनावरून घरी यावयाचे ते टांग्यातून. त्याही पूर्वी या रस्त्याने घोडे ओढीत ती ट्राम होती, असे वडीलधारी मंडळी सांगत. त्या टांग्याच्या मागच्या बाजूस लोंबकळताना माझ्या पायाखाली जे पाटे कुरकुरत तेच, काडीचाही फरक न होता, या गाडीखाली होते. घोडा गेला, इंजिन आले, आणि धक्का सोसण्याचे काम ज्याच्याकडे होते त्याच्याचकडे राहिले.

पाट्यांचे काम मिस्त्री करीत नाहीत; त्याचे कारागीर निराळे. मिस्त्रींनी हायवेच्या कडेला असलेल्या एका पाटेवाल्याकडे गाडी नेली. त्याची भट्टी उघड्यावर होती. त्याने दोन्ही जुड्या उतरवल्या, मधला बोल्ट कापला, आणि पाटे एकामागून एक जमिनीवर मांडले. मी मोजू लागलो आणि मोजता मोजता थबकलो. प्रत्येक बाजूचा एकेक पाटा बाकीच्यांशी जमत नव्हता. जाडी निराळी, पोलादाचा रंग निराळा, टोके घणाने तोडलेली, गोलाई न दिलेली. कुठल्याशा ट्रकचा पाटा कापून मागाहून घातलेला. दफ्तरात एखाद्या जुन्या प्रकरणात कुणी नंतर कागद घुसडला असेल तर तो वाचण्यापूर्वीच बोटांना समजतो. कागदाचा पोत खोटे बोलत नाही. इतक्या वर्षांनी बोटांना ती ओळख पुन्हा पटली, आणि तीही लोखंडावर.

“भार वाढवायला घातलाय,” पाटेवाला म्हणाला. “सगळेच घालतात. पाटा वाढवला म्हणून गाडी वाढत नाही, पण सांगायचं कुणाला?” कागदोपत्री हिने वाहावयाचा भार सुमारे सव्वा टनाचा. पाटे जाड केले की हौदा खाली बसत नाही, त्यामुळे आणखी अर्धा टन टाकावासा वाटतो. आणि तो अर्धा टन मग पाटे सोसत नाहीत, आस सोसतो, चेसिस सोसते, ब्रेक सोसतात. माझ्या ड्रममधल्या त्या रेघा कशाने पडल्या हे मला तिथे, भट्टीपाशी उभ्या उभ्या, उमगले.

पण दोष द्यावयाचा तर लासलगावच्या बाजार समितीत एकदा सकाळी उभे राहून द्यावा. १९४७ सालापासूनची ती बाजारपेठ. आवारात ट्रॅक्टर आणि पिकअप यांच्या रांगा लागलेल्या, प्रत्येकीत खुला कांदा, फाळक्याच्या वर कळस चढवून भरलेला. लिलाव पुकारणारा, त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका, एका गाडीपाशी थांबतो, कुणी मूठभर कांदे उचलून दाबून पाहतो, कुणी खाली सांडतो, आकडा चढतो, थांबतो, घोळका पुढच्या गाडीकडे सरकतो. हे सगळे काही क्षणांत आटपते. चार महिन्यांचे पीक आणि त्याचा न्याय एवढ्याशा वेळात. मग भरली गाडी काट्यावर, मग रिकामी गाडी काट्यावर, आणि वजाबाकी. ज्या दिवशी भाव पडलेला असतो त्या दिवशी दुसरी खेप करण्याइतके डिझेल परवडत नाही, म्हणून पहिल्याच खेपेत जे मावेल ते कोंबावयाचे. त्या ट्रकच्या पाट्याची जन्मकथा ही अशी आहे. माझ्या गाडीचा तो पूर्वीचा मालक मला लोभी मनुष्य वाटला नव्हता, इतके मला स्मरत होते.

पाटेवाल्याने दोन्ही उपरे पाटे बाजूस टाकले. उरलेल्यांची कमान बसली होती. तिला पुन्हा वळण देणे आले. लाल झालेला पाटा त्याने सांडशीने ऐरणीवर धरला आणि दुसरा कारागीर घण घालू लागला; दर चार-पाच घावांनंतर तो पाटा शेजारच्या पाट्यावर ठेवून दोहोंमधली फट डोळा बारीक करून पाही, पुन्हा भट्टीत, पुन्हा घण. मोजपट्टी नाही, नमुना नाही. शेवटी दोन पाट्यांमधून दिवसाचा उजेड दिसेनासा झाला तेव्हा त्याने मान हलवली. मग तापवलेला पाटा तेलाच्या पिंपात गेला आणि धुराचा जो लोळ उठला त्यात क्षणभर तो, भट्टी, हायवे, सगळेच दिसेनासे झाले. पाट्यांच्या मध्ये काळे ग्रीस चोपडून जुडी पुन्हा बांधली. परत येताना गाडी पहिल्यांदाच खड्ड्यात उतरली आणि वर आली. यापूर्वी ती खड्ड्यावर आपटे. ते दोन जादा पाटे मी मागून घेतले. परसात पडून आहेत. त्यांचे काय करावे हे ठरलेले नाही.

अखेर माझ्या यादीकडे वळण्यास मिस्त्रींनी अनुमती दिली. पत्र्याचे काम करणारे वृद्ध गृहस्थ होते. लाकडी ठोकळा आतून लावून बाहेरून हलक्या हातोडीने ते डाव्या दरवाजाचा पोचा काढीत, तेव्हा तो ठेका मला कुठेतरी ऐकल्यासारखा वाटे, आणि दोन दिवसांनी आठवले: तांबट आळी. जुन्या नाशकात त्या आळीवरून शाळेत जाताना हंड्या-कळशांवर पडणाऱ्या शेकडो हातोड्यांचा एकच एक नाद कानांत भरे, आणि आळी संपल्यावरही काही पावले तो आपल्या चालण्यात राही. त्यांना विचारले तेव्हा त्यांचे वडील तांबट नव्हते, आजोबाही नव्हते. संबंध काही नव्हता. मी उगीचच थोडा हिरमुसलो.

रंगाऱ्याशी माझे मतभेद झाले. मागच्या फाळक्यावर काय लिहावयाचे, असे त्याने विचारले. (फाळका हा शब्द ऐकला की नाशिककराच्या मनात त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके डोकावतातच, इलाज नाही.) मी चार शब्दांचे एक संस्कृत वचन मनाशी निवडून ठेवले होते. त्याने हाताच्या वितीने फाळका मोजला आणि सांगितले की जोडाक्षरे फार आहेत, लांबून वाचता यावयाची नाहीत, मागच्या ट्रकवाल्याने वाचावयास जवळ येऊन धडक दिली तर जबाबदार कोण? ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहून बाकीची जागा मोकळी राहिली. समोरच्या काचेवर मात्र पहिल्यापासून ‘आईचा आशीर्वाद’ अशी पिवळी अक्षरे होती. कुणाची आई? आधीच्या मालकाची. रंगारी पाते घेऊन खरवडावयास निघाला होता; मी म्हटले, राहू द्या. आई कुणाचीही असो, आशीर्वाद गाडीस आहे.

एक सुधारणा राहिली ती राहिलीच. इंजिनाचे तापमान दाखवणारा काटा बंद होता आणि त्याची तार कुठे तुटली आहे ते कुणास सापडेना. मिस्त्री म्हणाले, “वासावर लक्ष ठेवा.” मला ते पटले. आम्ही नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजणारे लोक. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याला लागले, यावर गावाने आपापली दुकाने आवरली आहेत. ज्या गावचे मोजमाप एक हनुमंत करतो तिथे एका काट्यावाचून अडू नये.

फाल्गुनात पासिंग झाले. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस योग्यता प्रमाणपत्र दर वर्षी नवे घ्यावे लागते, पर्यावरण कर निराळा. पेठ रोडच्या मैदानावर रांगेत उभे राहून दिवे, वायपर, ब्रेक, हॉर्न दाखवले आणि एक वर्षाची मुदत मिळाली. उरले कागद. नमुना २९ आणि नमुना ३० यांवर विकणाऱ्याच्या सह्या मी पहिल्याच दिवशी घेतल्या होत्या, परंतु बोजा उतरल्याखेरीज नाव चढत नाही, आणि बोजा उतरण्यासाठी लागतो नमुना ३५, त्यावर पतसंस्थेची सही आणि शिक्का. तो आणून देण्याचे त्याने कबूल केले होते. तीन महिने गेले. एका दुपारी तो एस. टी.ने येऊन, पत्ता विचारीत विचारीत, कागद घेऊन दारात उभा राहिला.

गाडी अंगणातच होती. नवा रंग उन्हात चमकत होता. त्याने रंगाकडे पाहिले, पण काही बोलला नाही. काचेवरची अक्षरे त्याने वाचली असावीत. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, “साहेब, एक चक्कर मारू का?” मी किल्ली दिली. तो कोपऱ्यापर्यंत गेला, तिथे वळताना एकदा गिअर कर्रकन वाजला, मग सरळ परत आला. उतरला नाही, दार उघडे ठेवून बसून राहिला.

“ब्रेक बरे झाले,” म्हणाला. “पाटा काढलात तेही बरं केलं. मीच घातला होता.” मग खाली पाहत, “रबर बदललं का?”

“बदललं,” मी म्हटले.

“हां. म्हणूनच.”

चहाला तो थांबला नाही. परतीची गाडी साडेतीनची होती. त्याने दिलेला कागद मी उलगडला नाही, हातात तसाच धरून ठेवला, आणि तो फाटकापर्यंत चालत गेला तो पाहिला. डावा पाय तो गुडघ्यात वाकवीत नाही. बाहेरून फिरवून टाकतो.